'वैज्ञानिक' म्हणजे काय? : लोणारचे सरोवर आणि नाकाची मोजपट्टी

"आपला धम्म वैज्ञानिक आहे" हे वाक्य आपल्या समाजात कोणालाच नवे नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या व्यासपीठावर ते असते, वर्षावासातील प्रवचनात असते, विद्यार्थ्यांच्या वक्तृत्व स्पर्धेत तर हमखास असते. हे वाक्य खोटे आहे असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. पण 'वैज्ञानिक' म्हणजे नेमके काय, असे एखाद्या दहावीच्या मुलाने सभेत उभे राहून विचारले, तर आपल्यापैकी किती जणांना नीट उत्तर देता येईल? 'प्रयोगाने सिद्ध होते ते वैज्ञानिक' असे पाठ्यपुस्तकातले उत्तर बहुतेक जण देतील. ते अगदीच चुकीचे नाही, पण फार तोकडे आहे. लाखो वर्षांपूर्वी एकदाच घडून गेलेल्या गोष्टीचा प्रयोग कोण कसा करणार?

या प्रश्नाचा अभ्यास करणारी विद्येची एक स्वतंत्र शाखा आहे. विज्ञानाचा इतिहास, विज्ञानाचे तत्त्वज्ञान आणि विज्ञानाचे समाजशास्त्र अशी तिची तीन अंगे. इतिहास विचारतो की हे ज्ञान कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आले. तत्त्वज्ञान विचारते की त्यावर विश्वास का ठेवावा. आणि समाजशास्त्र विचारते की ते कोणी घडवले, कोणासाठी घडवले, आणि घडवताना कोणाला दाराबाहेर ठेवले. हा तिसरा प्रश्न तर आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटासाठी बँकेत आकडे तपासणारे. प्रयोगशाळेशी आमचा संबंध शाळेपुरताच. तरी या विषयाची ओळख करून देण्याचे धाडस करतो, कारण त्याची दोन ठळक उदाहरणे आपल्या अगदी जवळची आहेत. एक आपल्या शेजारी आहे आणि दुसरे आपल्याच विषयी आहे.

शेजारचे उदाहरण म्हणजे लोणार. वाशीम-रिसोडकडच्या शाळांच्या सहली तिथे वर्षानुवर्षे जात आल्या आहेत. गाव बुलढाणा जिल्ह्यातले, पण आपल्या सीमेला लागूनच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ गोल आणि काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल असा हा खड्डा. तळाशी खारे पाणी. काठाची कड भोवतालच्या रानापेक्षा वर उचललेली. हा खड्डा झाला कसा?

पहिले उत्तर पुराणाचे. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली दडून राहत होता, विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याला मारले, त्याचे हे बीळ. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर त्या कथेवरच उभे आहे. या कथेला हसून पुढे जाणे सोपे आहे. पण कथा रचणाऱ्यांनी दोन गोष्टी बरोबर टिपल्या होत्या. हा खड्डा साधा नव्हे, इथे काहीतरी प्रचंड घडले आहे, ही एक. आणि पाण्यातले लवण ही दुसरी. निरीक्षण होते. कमी होती ती तपासणीची. असुराची कथा खोटी ठरवता येईल असा कोणताच पुरावा त्या कथेत मागितलेला नाही. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने विज्ञानाची खूण हीच सांगितली आहे: जे विधान चुकीचे ठरण्याचा धोका पत्करते, 'अमुक दिसले तर मी खोटे' असे आधीच सांगून टाकते, ते वैज्ञानिक. जे काहीही झाले तरी खरेच राहते, ते विज्ञानाच्या कक्षेबाहेरचे.

दुसरे उत्तर इंग्रजी अमदानीतले. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे भूशास्त्रज्ञ आले. आपला सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. तेव्हा लोणारचा खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, असे त्यांना वाटले. कोणी म्हणाले स्फोट झाला, कोणी म्हणाले खालची पोकळी खचून जमीन आत बसली. तर्क सरळ होता. अडचण एकच होती. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि लोणारची कड मात्र अजून फारशी झिजलेली नाही, खड्डा भरून गेलेला नाही. इतक्या जुन्या आगीचा इतका ताजा खड्डा कसा? प्रश्न समोर होता, पण त्याने कोणाची झोप उडाली नाही.

इथे थोडे अमेरिकेत जावे लागेल, कारण लोणारचा उलगडा त्या वाटेने झाला. ॲरिझोना प्रांतात लोणारसारखाच एक गोल खड्डा आहे आणि त्याच्या आसपास लोखंडी उल्कांचे तुकडे सापडत. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे त्या काळचे अमेरिकेतले अग्रगण्य भूशास्त्रज्ञ. १८९१ साली ते तिथे गेले ते एक अनुमान तपासायला: आकाशातून मोठा लोखंडी गोळा पडून हा खड्डा झाला असेल काय? त्यांनी कसोट्या आधीच ठरवल्या. गोळा खाली पुरला गेला असेल तर होकायंत्राची सुई विचलित झाली पाहिजे. आणि काठावर साचलेली माती खड्ड्याच्या पोकळीपेक्षा जास्त भरली पाहिजे, कारण पोकळीतली काही जागा गोळ्याने अडवलेली असणार. मोजमाप झाले. सुई हलली नाही. माती आणि पोकळी जवळजवळ सारखी भरली. गिल्बर्टनी प्रामाणिकपणे आपले उल्केचे अनुमान सोडून दिले आणि वाफेच्या स्फोटाने खड्डा झाला असे ठरवले. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा विषयच 'अनुमाने कशी जन्मतात' हा होता, आणि त्यात तुलनेसाठी आपल्या लोणारचाही उल्लेख आहे. वऱ्हाडातला एक खड्डा शास्त्रीय पद्धतीवरच्या जगप्रसिद्ध निबंधात जाऊन बसला, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही.

गंमत अशी की गिल्बर्टची पद्धत निर्दोष होती आणि उत्तर चुकले. ॲरिझोनाचा खड्डा उल्केनेच झालेला आहे. मग चूक कुठे झाली? त्यांनी धरून चाललेल्या एका न बोललेल्या गोष्टीत. गोळा पडला तर तो जमिनीत तसाच रुतून राहील, चिखलात दगड रुततो तसा, हे त्यांनी गृहीत धरले होते. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारी वस्तू रुतत नाही. तिचा स्फोट होतो, आणि बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन उडून जातो. तो वेग आणि तो स्फोट त्या काळच्या कोणाच्या हिशेबात नव्हता. म्हणजे कसोटी कधी एकट्या अनुमानाची होत नाही. त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या सगळ्या गृहीतांची मिळून ती होते, आणि निकाल उलटा आला तर दोष नेमका कोणाचा हे कसोटी सांगत नाही. गिल्बर्ट यांना याची जाणीव होती. निबंधाच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे की कितीही मोठा, कितीही सर्वमान्य निष्कर्ष असला तरी नव्याने सापडलेली एखादी गोष्ट त्याला प्रश्न विचारू शकते. चुकीच्या उत्तराखाली लिहिलेली ही ओळ बरोबर उत्तरापेक्षा मोलाची आहे असे आम्हाला वाटते.

पण गिल्बर्ट यांचा शब्द मोठा होता, आणि त्यांच्या शेवटच्या ओळीपेक्षा त्यांचा निष्कर्षच लोकांनी जास्त लक्षात ठेवला. डॅनियल बॅरिंजर या खाणमालकाने १९०३ साली कंपनी काढून त्या खड्ड्यात लोखंडासाठी खोदकाम मांडले. खड्डा उल्केचा हे त्यांचे म्हणणे बरोबर, पण गोळा खाली पुरलेला आहे हे गृहीत गिल्बर्ट यांचेच. पंचवीस वर्षांहून जास्त काळ पैसा ओतूनही तो गोळा मिळाला नाही. भूशास्त्रज्ञांचे मन वळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध यावा लागला. याचे कारण केवळ पुराव्याचा अभाव नव्हे. चार्ल्स लायल यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथापासून भूशास्त्राची शिकवणच अशी होती की पृथ्वीवरचे बदल सावकाश, आजही चालू असलेल्या कारणांनी होतात. आकाशातून काही कोसळले आणि क्षणात डोंगर उलटला, हे ऐकायला परत पुराणात गेल्यासारखे वाटे. टॉमस कून यांनी १९६२ सालच्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट सांगितली आहे. शास्त्रज्ञ एका चौकटीत शिकतात, त्या चौकटीत बसेल तेच त्यांना दिसते, आणि न बसणारे दगड बाजूला ठेवले जातात. चौकट बदलली की तेच दगड बोलू लागतात.

चौकट बदलली ती, दुर्दैवाने, अणुबॉम्बमुळेही. नेवाडाच्या वाळवंटात चाचण्यांनी पडलेले खड्डे आणि ॲरिझोनाचा खड्डा यांची तुलना यूजीन शूमेकर यांनी केली. १९६० साली तिथे कोएसाइट हे खनिज सापडले. गारगोटीच्या दगडावर प्रचंड दाब पडला तरच ते बनते. पण हा पुरावा लोणारला लागू पडत नव्हता, कारण आपल्या काळ्या पाषाणात ती गारगोटी जवळजवळ नसतेच. इथे वेगळा साक्षीदार शोधावा लागणार होता.

त्या साक्षीदाराची कथा आपल्याला विशेष जिव्हाळ्याची वाटावी अशी आहे. १८६५ साली बिहारमध्ये, बुद्धगया ज्या गया जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातल्या शेरघाटी येथे एक उल्का पडली. तिच्यात एक काचेसारखा पदार्थ सापडला आणि १८७२ साली त्याला मॅस्केलिनाइट असे नाव मिळाले. काळ्या पाषाणात जे पांढुरके स्फटिक असतात त्यांच्यावर वातावरणाच्या सुमारे तीन लाख पट दाब क्षणभर पडला, तर ते न वितळता काच होतात, तीच ही काच. कोणताही ज्वालामुखी असा दाब निर्माण करू शकत नाही. शेरघाटीची उल्का मंगळावरून आलेली होती हे पुढे शंभरावर वर्षांनी कळले.

१९६४ साली लाफाँड आणि डिएट्झ यांनी लोणारवर निबंध लिहिला. शीर्षकातच प्रश्नचिन्ह होते: लोणार हा उल्केचा खड्डा आहे काय? त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सरोवरात छेद घेतले, तळाच्या गाळाखालचे दगड वर काढले. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांचा निबंध आला. त्या दगडांत मॅस्केलिनाइट होते. या निबंधाच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह नाही. एक प्रश्नचिन्ह पुसायला नऊ वर्षे, एक बोअरिंगचे यंत्र, दोन देशांच्या संस्था आणि गयेच्या दगडावरून मिळालेले ज्ञान लागले. निबंधाच्या माथ्यावर चार नावे आहेत. यंत्र चालवणाऱ्या, नमुने वाहून नेणाऱ्या हातांची नावे अशा निबंधांवर येत नसतात, हेही विज्ञानाच्या समाजशास्त्रात येते.

त्यानंतरही सगळे मिटले असे नाही. खड्ड्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे आले आणि बरीच वर्षे तेच फलकांवर, पुस्तकांत छापले गेले. पुढे २०१०-११ च्या सुमारास आरगॉन वायूच्या पद्धतीने ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे आले, म्हणजे दहा पटींहून जास्त. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा मोबाईलवर काय काय फिरले ते वाचकांना आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता, आणि नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसून पाणी नितळ झाले. कोणाचा कोप नव्हता, चमत्कारही नव्हता.

बँकेत एक साधी रीत असते. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून सही करायची. नोंद करणारा लबाड आहे म्हणून नव्हे, तो माणूस आहे म्हणून. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४२ साली विज्ञानाची जी नीतितत्त्वे सांगितली त्यांत हेच आहे. त्याला त्यांनी 'संघटित संशय' म्हटले. विज्ञान विश्वासार्ह ठरते ते एकेका शास्त्रज्ञाच्या थोरवीमुळे नव्हे; कोणाचेही म्हणणे कोणीही तपासू शकतो या व्यवस्थेमुळे. दुसरे तत्त्व त्यांनी सांगितले ते असे की विधान तपासताना ते करणाऱ्याचा वंश, धर्म, वर्ग पाहायचा नाही. हे त्यांनी लिहिले तेव्हा जर्मनीत आइन्स्टाइन यांचे भौतिकशास्त्र 'ज्यूंचे' म्हणून झिडकारले जात होते.

आता प्रश्न असा: तपासणाऱ्यांच्या यादीतून माणसांचा एक मोठा समूहच वगळला, तर काय होते? याचे उत्तर दुसऱ्या उदाहरणात आहे, आणि ते आपल्या चेहऱ्यावरच घडले आहे.

हर्बर्ट रिस्ले हे ब्रिटिश सनदी अधिकारी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी बंगाल आणि उत्तर भारतातल्या जातीजमातींच्या माणसांची नाके मोजली. नाकाच्या रुंदीला लांबीने भागायचे आणि शंभराने गुणायचे, हा नासिकानिर्देशांक. त्यावरून त्यांनी नियम काढला की नाक जितके रुंद तितकी जातीची पायरी खालची. जात म्हणजे वंश, वरच्या जाती आर्य, खालच्या अनार्य. हेच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते, आणि त्या जनगणनेत जातींची सामाजिक उतरंड लावण्याचा घाट घातला गेला. त्या वेळी आपले वाशीम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता, इंग्रजांच्या कागदांत 'बासिम'. (१९०५ साली तो मोडून अकोल्यात गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला.) आपल्या पणजोबांची गणना त्या चौकटीत झालेली आहे.

याला 'विज्ञान' म्हटले जात होते. मोजपट्टी होती, कोष्टके होती, दशांशचिन्हे होती. आणि वंशाच्या अशा बोलण्याची किंमत खरीखुरी मोजावी लागली. त्याच काळात 'लढाऊ वंश' नावाची कल्पना लष्करात रुजली आणि पिढ्यानपिढ्या सैन्यात असलेल्या महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. एका शिष्ट वाटणाऱ्या शब्दाने किती घरांची भाकरी हिरावली याचा हिशेब कोणत्याही कोष्टकात नाही.

रिस्ले यांच्या मोजमापांवर इतरांनी आक्षेप घेतले. १९२३ साली दोन इंग्रज अभ्यासकांनी दाखवले की नाकाच्या रुंदीचा संबंध हवेच्या उष्णतेशी आणि ओलाव्याशी आहे. मुंबई विद्यापीठाचे डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात मोजमापे प्रांतवार मांडली आणि रिस्ले यांचा नियम बहुतेक ठिकाणी लागू पडत नाही असे म्हटले. पण ज्यांची नाके मोजली होती त्यांच्यापैकी एकाने ते कोष्टक हाती घेण्याचा प्रसंग १९४८ साली आला. बाबासाहेबांचा अस्पृश्यांच्या मुळाविषयीचा इंग्रजी ग्रंथ त्या वर्षी निघाला. त्यातल्या वंशभेदाच्या प्रकरणात त्यांनी संतापाचा एक शब्दही खर्च केलेला नाही. त्यांनी घुर्यांचीच आकडेवारी घेतली आणि विचारले: एकाच प्रांतातला ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे शेजारी ठेवा, काय दिसते? दिसले ते असे की प्रांताप्रांतांत फरक आहे, पण एका प्रांतातले ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत असे ती मापे म्हणत नाहीत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य. ते द्राविड असतील तर हेही द्राविड. मोजपट्टी तीच, कोष्टक तेच, निष्कर्ष उलटा. त्याला जोड म्हणून त्यांनी कुळांचा पुरावा दिला: महाराष्ट्रात मराठ्यांत आढळणारे कुळ महारांत नाही असे क्वचितच आढळेल. हा पुरावा गोळा करायला ना मोजपट्टी लागली ना परदेशी ग्रंथ. तो आपल्या आडनावांत होता. बाहेरून येऊन नाके मोजणाऱ्याला तो विचारण्याचे सुचले नाही, कारण त्याच्या चौकटीत आम्ही मोजण्याच्या वस्तू होतो, उत्तर देणारी माणसे नव्हतो.

गिल्बर्ट आणि रिस्ले यांच्यातला फरक इथे स्पष्ट होतो. दोघेही चुकले. गिल्बर्ट यांनी आपले आवडते अनुमान कसोटीवर हरले म्हणून सोडले. रिस्ले यांना जातीची उतरंड आधीच ठाऊक होती आणि मोजपट्टी तिला दुजोरा द्यायला काढली होती. बाबासाहेबांनी शूद्रांविषयीच्या १९४६ च्या ग्रंथात आर्य वंशाच्या सिद्धान्ताबद्दल हाच आक्षेप घेतला आहे: सिद्धान्त आधी ठरला, पुरावा मागून वेचला. मोजपट्टी हातात असली म्हणून माणूस वैज्ञानिक होत नाही.

आता पहिल्या वाक्याकडे वळू. आपला धम्म वैज्ञानिक आहे असे म्हणताना आपण कालाम सुत्ताचा दाखला देतो. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचे दोन मुद्दे मात्र भाषणातून बहुधा गळतात. केवळ तर्काला पटते म्हणूनही मानू नका, आणि हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही मानू नका, असे त्यात आहे. गिल्बर्ट यांचा तर्क निर्दोष होता हे वर पाहिलेच. शिवाय ते सुत्त दगडांविषयी नाही. लोभ, द्वेष, मोह यांनी अहित होते की हित, हे स्वतः पाहा असे ते सांगते. म्हणून अणू, गुरुत्वाकर्षण आणि संगणक सगळे त्रिपिटकात आधीच आहे असे जे लेख अलीकडे फिरतात, ते आम्हाला पटत नाहीत. पुष्पक विमानाला हसणाऱ्यांनी आपले स्वतःचे विमान उडवू नये.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या दिल्या आहेत. बुद्ध बुद्धिवादी होते, तेव्हा जे विवेकाला धरून असेल ते त्यांचे मानावे, ही पहिली. मनुष्याच्या हिताशी ज्याचा संबंध नाही त्या चर्चेत ते पडले नाहीत, ही दुसरी. तिसरी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या गोष्टींविषयी बुद्धांना खात्री होती आणि ज्यांविषयी नव्हती, असे दोन भाग त्यांनी केले होते, आणि दुसऱ्या भागातली त्यांची मते तात्पुरती होती. तात्पुरते मत हा शब्द धर्माच्या ग्रंथात यावा ही मोठी गोष्ट आहे.

बाबासाहेबांनी तो नियम स्वतःलाही लावला. १९४८ च्या त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटले आहे की पुराव्याच्या साखळीतले दुवे तुटलेले आहेत. विखुरलेल्या हाडांवरून आणि दातांवरून नामशेष प्राण्याची आकृती उभी करणाऱ्यासारखे आपले काम आहे, आणि हा शेवटचा शब्द म्हणून स्वीकारा असे आपण वाचकाला सांगत नाही. म्हणून त्यांची मतेही तपासली गेली. अस्पृश्यतेचा उगम त्यांनी इसवी सन ४०० च्या सुमाराचा धरला होता. नंतरच्या काही इतिहासकारांनी तिची मुळे त्याहून जुन्या ग्रंथांत दाखवली आहेत. यात बाबासाहेबांचा अवमान होतो असे काही समाजबांधवांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही, कारण तपासणीचे निमंत्रण त्यांच्याच हातचे आहे.

आणि तपासणीत सगळेच पडत नाही. १९१६ साली, पंचवीस वर्षांचे असताना, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी म्हटले होते की जातीचे मर्म वंशात नाही, ते जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे. २०१३ साली हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञ आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी यांनी भारतातल्या अनेक समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की देशातले जवळजवळ सगळे समूह मिश्र आहेत. मिश्रणाचे प्रमाण कमीजास्त आहे, पण शुद्ध असे कोणी नाही. हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले, आणि त्यानंतर आपसांतल्या विवाहाची दारे बंद होत गेली. प्रमाण कमीजास्त का, आणि दारे नेमकी कोणत्या शतकांत, कोणत्या प्रांतात आधी बंद झाली, यावर अजून काम चालू आहे.